तिसरी नळी

फोन आला तेव्हा सुमंगलाबाय हळदीच्या पानावर पातोळीचं पीठ थापत होत्या. दोन्ही हात भरलेले, म्हणून त्यांनी फोन कोपरानं सुरू केला.

"बाय, मी गौरवी. कारापूरची." पलीकडचा आवाज रडून रडून बसला होता. "माझ्या हातान एका माणसाचो बाप मेलो."

"मेलो? कधी?"

"एकतीस वर्सां जालीं. पण आज परत मेलो."

सुमंगलाबायनी पान खाली ठेवलं. सरकारी इस्पितळाच्या तपासणी विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. रक्त, लघवी, थुंकी. माणूस काय बोलतो यापेक्षा त्याच्या बाटलीत काय आहे, यावर त्यांचा जास्त भरवसा. गौरवी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. उगाच रडणाऱ्यांतली ती नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सुमंगलाबाय पार्शाहून निघाल्या आणि दहाच्या सुमारास कारापूरला उतरल्या.

गौरवीचे वडील गोकुळदासबाब दोन गोष्टींसाठी गावात प्रसिद्ध होते. एक, देवळाचे महाजन, म्हणजे पिढीजात मानकरी म्हणून. दुसरी, सोवळ्यासाठी. त्यांच्या घरी पाहुण्याला पाणी मिळे, पण त्याचा उष्टा पेला त्यांनी हातात घेतल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. वाण्याने पुडी बांधताना बोट जिभेला लावलं, तर ते पुडी तिथेच टाकून परत येत. लोक पाठीमागे हसत आणि समोर मान देत. आपल्याकडे हे दोन्ही एकदम जमतं.

गौरवीने सुमंगलाबायना माडाखाली बसवलं आणि सगळं सांगितलं.

गोकुळदासबाबांना सगुण नावाचा भाऊ होता, अकरा वर्षांनी लहान. त्याला त्यांनीच खांद्यावर खेळवून मोठा केला. सगुणने लग्न केलं ते कोल्हापूरकडून बांधकामावर आलेल्या गवंड्याच्या मुलीशी, मंजुळाशी. थोरल्या भावाचं तोंड कडू झालं, पण त्यांनी गिळलं. मंजुळाला सातवा महिना लागला. एका संध्याकाळी तिला सांखळीच्या पोदेराच्या भट्टीतला गरम उंडो, गोल कडक पाव, खावासा वाटला. सगुण स्कूटर घेऊन गेला. येताना खनिजाच्या ट्रकाखाली सापडला.

बाराव्या दिवशी गोकुळदासबाब पायरीवर उभे राहिले आणि सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, "हिच्या पोटातलें आमचें न्हय." मंजुळा एक पत्र्याची पेटी घेऊन वास्कोला भावाकडे गेली. मुलगा झाला. दीपक. आज तो बंदरात क्रेन चालवतो.

"ह्या वर्सा तो आयलो," गौरवी म्हणाली. "म्हणालो, घर नाका, बागायत नाका. देवळाच्या महाजनांच्या यादीत माझ्या बापाचें नाव आसा, त्याच्या खाला माझें घाला. बस."

"यादी बापाकडून मुलाकडे जाता."

"म्हणान मीच सुचयलें. डीएनए. बाबा, माझो भाव प्रज्योत आणि दीपक. तिगांची थुंकी बंगळूरच्या लॅबीत धाडली. कितेंय येवं, दोगांनी मानून घेवपाचें, असो कागद केलो. बाबान लगेच सही केली."

"लगेच?"

"लगेच."

"आणि काय आलें?"

"बाबा आणि प्रज्योत एका मुळाचे. दीपक दुसऱ्याच. हजारो वर्सां मागे गेलें तरी दोन वाटो मेळनात." गौरवीने डोळे पुसले. "गणपतीच्या चवतीक सगळी घराणीं मूळ घरांत येतात. बाबा थंय सगळ्यांमुखार सांगतले. एकदां मंजुळाकाकीक उखलून भायर उडयली. आतां माझ्या अहवालान उडयतले."



"दीपक सगुणचो नसतलो, अशेंय जावं येता," सुमंगलाबाय म्हणाल्या. "तें ऐकपाची तयारी आसा?"

"आसा. पण खरें ऐकपाचें."

नळ्या कुठे भरल्या, हे आधी पाहायचं होतं. मे महिन्यातला तो रविवार. गोकुळदासबाबांनी बजावलं होतं, थुंकी म्हणजे उष्टं, घरात नको. म्हणून सगळं बाल्कांवात, दाराबाहेरच्या ओट्यावर झालं. अकराला तिघे नळीत थुंकले. नळ्या बाल्कांवातल्या सोप्यावर, भिंतीलगतच्या दगडी बाकावर ठेवल्या. घरातल्या कोणी त्यांना हात लावायला तयार नव्हतं. चारला गौरवीने खोकं बंद केलं आणि प्रज्योत ते कुरिअरला द्यायला म्हापशाला गेला.

"अकरा ते चार नळ्या उघड्यार आसल्यो?"

"उष्ट्याक कोण हात लायतलो, बाय?" गौरवी म्हणाली, आणि मग तिचं तिलाच ते विचित्र वाटलं.

प्रज्योत मोटारसायकल पुसत होता. सत्तावीस वर्षांचा, जिभेला हाड नसलेला. दीपकला त्याने सगळ्यांसमोर 'वास्कोचं पार्सल' म्हटलं होतं.

"खोकें तुज्याकडे कितलो वेळ आसलें?"

"पाऊण तास. पण तें चिकटपट्टी मारून बंद केल्लें. गौरवीची सही वयर. लॅबीन लिवलां, पट्टी शाबूत."

"दीपक यादीत आयलो तर तुका राग?"

"राग येतलोच. आतां मी एकटोच. तो आयलो तर तो मोठो." तो हसला. "पण मी थुंकी बदलूंक वचूंचो ना. माका ओकारी येता."

गोकुळदासबाब देवघरातून बाहेर आले. सत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ.

"त्या दिवशी अकरा ते चार तुम्ही कुठे होता, गोकुळदासबाब?"

"जेवलों. न्हिदलों. चारांक उठलों."

"नळ्यांकडे गेला?"

"उष्ट्याक मी हात लावीत ना. माझी नळीसुद्धां गौरवीन बंद केली." त्यांनी हात पाठीमागे बांधले. "सकाळीं फांत्यापारा एकदां न्हातां, मागीर दिसभर सोवळ्यान रावतां. मे म्हयन्यांत बांयचें पाणी तळाक गेल्लें. दोन बाल्द्यो देवाक, हेर कोणें दोरयेक हात लावचो ना, अशी ताकीद दिल्ली. बाकीच्यांक नळाचें पाणी."

"भावाची आठवण येते?"

 "एका उंड्याखातीर माझो भाव गेलो," ते म्हणाले आणि आत गेले.

जाण्यापूर्वी सुमंगलाबायनी तीन गोष्टी मागून घेतल्या.

पहिली, गौरवीच्या फोनमधले त्या दिवसाचे दोन फोटो. अकराचा: सोप्यावर तीन नळ्या, मागे निळ्या रेघांचा सदरा घातलेले गोकुळदासबाब, त्यांच्याही मागे कपड्यांची रिकामी दोरी. चारचा: खोकं हातात घेतलेला प्रज्योत, पांढऱ्या सदऱ्यात गोकुळदासबाब, आणि दोरीवर निळ्या रेघांचा सदरा नि पंचा. सदऱ्याच्या खाली जमीन काळी झालेली.

दुसरी, तपासणीचा उरलेला डबा. गौरवीने चार डबे मागवले होते, चौथा स्वतःसाठी. मुलीच्या नळीला वडिलांनी नाक मुरडलं होतं, "चेडवांचें कित्याक?" म्हणून तो तसाच राहिला. आता उघडला तर आत माहितीपत्रक होतं. नळी नव्हती.

तिसरी, पूर्ण अहवाल. घरात सगळ्यांनी पहिलं पान वाचलं होतं, बापाकडच्या वाटेचं. सुमंगलाबायनी सगळी पानं वाचली. आईकडच्या वाटेचं पान वाचलं. शेवटच्या पानावरची बारीक अक्षरातली ओळही वाचली: तिसरा नमुना तांबूस, दोनदा स्वच्छ करावा लागला.

"दीपक पान खातो?" त्यांनी विचारलं.

"सुपारीसुद्धां ना."

"त्या दिवशी इथे आणखी कोण होतं?"

"कोण ना. कुंपणाचो गडगो बांधपी परशुराम तेवडो. खानापूरचो. पावस पडलो आणि तो गांवांत गेलो."

सुमंगलाबायनी परशुरामचा फोन नंबर लिहून घेतला. समोरच्या घरच्या म्हातारीशी थोडं बोलून त्यांनी वास्कोची बस धरली.

मंजुळाने दार उघडलं. केस पांढरे, मनगटं अजून गवंड्याच्या मुलीची. दीपक मागे उभा होता. हसला तेव्हा दात पांढरे स्वच्छ दिसले.

"अजून काय तपासायचं ऱ्हायलंय?" मंजुळाने विचारलं.

"तुम्हाला."

"मला? मी कुठल्या यादीत न्हाई."

"म्हणूनच," सुमंगलाबाय म्हणाल्या आणि पिशवीतून दोन नळ्या काढल्या. "एक तुमची, एक दीपकची. माझ्या डोळ्यांसमोर भरायच्या. मीच बंद करणार, मीच पाठवणार."

दीपक रागाने म्हणाला, "परत कशाला? एकदा थुंकलो, ते माझ्याच तोंडावर आलं."

"तुझं थुंकलेलं अजून कुठे पोचलंच नसेल तर?"

 मंजुळाने आधी नळी घेतली.

"बाई, खरं निघालं तर मला एक पायजे," ती म्हणाली. "माफी नको. माफीचं मी काय करू? तो ज्या पायरीवर बोलला, त्या पायरीवर मला उभं ऱ्हायचंय."

निकाल यायला तीन आठवडे लागले. चवतीच्या दिवशी सकाळी कारापूरच्या घरात पन्नासेक माणसं जमली होती. गणपतीच्या वर माटोळी बांधलेली: नारळ, तोरिंजनां, सुपारीचे घोस, रानातून आणलेली माट्टुळां. पूजा झाली. गोकुळदासबाब घसा साफ करून उठले.

"एक गजाल सांगपाची आसा," ते म्हणाले.

"आधी मी सांगते, गोकुळदासबाब," दारातून सुमंगलाबाय म्हणाल्या. "मग तुमचं काही सांगायचं उरलं, तर सांगा."

त्यांच्या मागे, अंगणात, दीपक आणि मंजुळा उभे होते. पन्नास माना तिकडे वळल्या. गौरवीने फक्त खाली बघितलं.

"अहवालात लिहिलंय, दीपक या घरचा नाही. मी तो अहवाल नीट वाचला. त्यात दोन वाटा असतात. एक बापाकडची, बापाच्या बापाकडची, अशी हजारो वर्षं मागे जाणारी. ती तुम्ही सगळ्यांनी वाचली. दुसरी आईची, आईच्या आईची. ती कोणीच वाचली नाही. आईकडची वाट वाचायची गरज कोणाला वाटली नाही."

त्यांनी एक कागद उचलून धरला.

"मी मंजुळाबाईंची तपासणी केली. तिसऱ्या नळीतल्या माणसाची आई मंजुळा नाही. बापाबद्दल लोक शंका घेतात. आईबद्दल कशी घेणार? दीपक हिच्या पोटचा, हे इस्पितळाच्या दाखल्यावर आहे. म्हणजे तिसऱ्या नळीत दीपक नव्हताच. दुसराच कोणीतरी होता, पान खाणारा. नमुना तांबूस होता."

"लॅबीन चूक केली जातली," प्रज्योत म्हणाला.

"लॅबने चूक केली नाही. आलेल्या थुंकीचा खरा निकाल दिला. गौरवीच्या चौथ्या डब्यातली नळी गेली कुठे? तीत दुसऱ्याची थुंकी घेतली. दीपकच्या नळीवरची नंबराची चिठ्ठी सोडवून तिला चिकटवली. हे झालं अकरा ते चारच्या मध्ये. प्रज्योतच्या हातात खोकं आलं ते बंद होऊन. पट्टी फाटलेली नव्हती. म्हणून तो सुटला."

"आणि मी?" गौरवीने विचारलं.  "चार वाजतां खोकें मीच बंद केलें."

"तुला बदलायचं असतं तर मला फोन केला नसतास. आणि चौथी नळी तुझ्याच डब्यातली, तो रिकामा डबा तू माझ्यापुढे ठेवला नसतास." सुमंगलाबाय थांबल्या. "ज्याने हे केलं, त्याने एक काम अगदी नीट केलं आणि मग एक चूक केली. ती चूक या घरातला एकच माणूस करू शकतो. तो न्हाला."

कोणीतरी हसलं. गोकुळदासबाब हसले नाहीत.

"अकराच्या फोटोत गोकुळदासबाबांच्या अंगात निळ्या रेघांचा सदरा आहे. चारच्या फोटोत तोच सदरा दोरीवर, पाणी गळतंय. मला ते म्हणाले, जेवलों, न्हिदलों. झोपलेल्या माणसाचा सदरा भिजतो कसा?"

"उकडत आसलें," गोकुळदासबाब म्हणाले. "न्हालों. गुन्यांव जालो?"

"उकडलं तर माणूस सदरा काढून न्हातो, गोकुळदासबाब. अंगातल्या कपड्यांसकट न्हातात ते मसणातून आल्यावर. नाहीतर विटाळ झाल्यावर. याला सचैल म्हणतात, तुम्ही मला शिकवायला नको. त्या दिवशी गावात कोणी वारलं नव्हतं, मी विचारलं. आणि उकडलं असतं तर नळाचं पाणी होतं. समोरच्या घरच्या म्हातारीने तुम्हाला भर दुपारी विहिरीवर पाणी शेंदताना पाहिलं. तिला अचंबा वाटला, कारण देवाच्या दोन बादल्यांशिवाय विहिरीच्या दोरीला हात लावायची बंदी तुम्हीच घातली होती. पण नळाच्या पाण्याने विटाळ जात नाही. दुसऱ्याची थुंकी तुमच्या बोटांना लागली होती. फसवणूक तुम्हाला पचली. आंघोळ चुकवणं पचलं नाही."

त्यांनी फोन काढला आणि आवाज मोठा केला.

"परशुराम, ऐकू येतंय? त्या दिवशी काय झालं ते सांग."

"होय की मॅडम," फोनमधून आवाज आला. "दुपारचं सायेब आले. म्हणाले, कामगारांची तपासणी हाय, हितं थुंक. म्या म्हणलं, तोंडात पान हाय. ते म्हणाले, असू दे, थुंक लवकर. म्या थुंकलो." क्षणभर थांबून त्याने काळजीने विचारलं, "माझं काय निघालं हो मॅडम? शुगर हाय काय?"

या वेळी कोणी हसलं नाही.

"राहिलं एकच," सुमंगलाबाय म्हणाल्या आणि दुसरा कागद त्यांनी जमलेल्यांतल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात दिला. "ही दीपकची खरी थुंकी. आई मंजुळा. बापाकडची वाट गोकुळदासबाबांचीच. आणि रक्त जुळतं ते पुतण्याचं जुळावं तेवढंच. यापुढे कोणाच्या जिभेला वळवळायला जागा नको, म्हणून तेही सांगते."

गोकुळदासबाब भिंतीला टेकले.

"माका ठाऊक आसलें," ते हळू म्हणाले. "तो अंगणांत आयलो तेन्नाच. सगुण चलतालो तसोच चलता. माका ठाऊक आसलें." मग त्यांचा आवाज चढला. "पण हिणें माझो भाव खालो! एका उंड्याखातीर! मी ताका खांद्यार व्हेला. ताचें नाव हिच्या पुताक? मी जितो आसतना?"

मंजुळा पायरीवर चढली. त्याच पायरीवर.

"उंडा तुमाला ठाऊक हाय, भावजी," ती म्हणाली. "पुढचं ठाऊक न्हाई. पोलिसांनी त्यांची पिशवी मला आणून दिली. आत उंडा होता. तुमी सगळे रडत होता, आणि मी मागच्या दारी बसून तो खाल्ला. पोटात पोर भुकेलं होतं, आणि त्यांच्या हातचं ते शेवटचं होतं. एकतीस वर्षं मी दुसऱ्या उंड्याला हात लावला न्हाई."

तिने पिशवीत हात घातला. सांखळीच्या पोदेराकडचा उंडो काढला आणि त्याचे दोन तुकडे केले. एका तुकड्याचा तिने घास घेतला. चावला, गिळला. तो दात लागलेला तुकडा तिने पुढे केला.

"दीपक पोलिसांत जाऊ म्हणतो. खोट्या नळीचं, सहीच्या कागदाचं, सगळं. मी म्हणते नको. यादीच्या अर्जावर सही करा, आणि हे खावा."

"उष्टें?" गोकुळदासबाब एक पाऊल मागे सरले.

"माझं उष्टं. न्हाईतर पोलीस."

त्यांनी गौरवीकडे पाहिलं. तिने मान फिरवली. प्रज्योतकडे पाहिलं. तो तिसऱ्या नळीचा कागद वाचत होता, पहिल्यांदाच आईकडचं पान. मग त्यांनी दीपकने पुढे केलेला अर्ज गुडघ्यावर ठेवून सही केली आणि हात पुढे केला.

चावायला त्यांना फार वेळ लागला. गिळून झाल्यावर सवयीने ते अंगणातल्या विहिरीकडे वळले.

"आंघोळीनं हात धुऊन निघतो, भावजी," मंजुळा मागून म्हणाली. "पोट न्हाई निघत."

ते थांबले. तिचं खरं होतं, आणि तो नियम त्यांनीच आयुष्यभर सगळ्यांना शिकवला होता. असल्या पोटाने त्यांना गणपतीपुढे उभं राहता येत नव्हतं. ते परत फिरले आणि बाल्कांवातल्या सोप्यावर बसले, नळ्या ठेवल्या होत्या तिथेच.

संध्याकाळी आरतीची वेळ झाली. ताट तयार होतं, आणि ते उचलायला कोणी नव्हतं. प्रज्योत बराच वेळ ताटाकडे बघत राहिला. मग त्याने ते उचलून दीपकसमोर धरलं.

"वयान तूं मोठो," तो म्हणाला.

दीपकने आरती सुरू केली. म्हातारे पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. आवाज सगुणचा होता. बाहेर सोप्यावर गोकुळदासबाबांनी डोळे मिटून घेतले आणि ओठांनी पुसट शब्द जुळवू लागले.

मंजुळा आत गेली नाही. ती पायरीवर, त्यांच्या बरोबर समोर बसली, आणि त्यांच्यावरची नजर न काढता उरलेला अर्धा उंडो सावकाश चावून खात राहिली.